वैजूकडचा आकडा

"क्लच सोडू नका! अहो, सोडू नका म्हटलं ना!"

गर्ग्यांनी सोडला. गाडीने एक आचका दिला आणि चांदणी चौकाच्या चढावर बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो काही उचलेना. मी माझ्या पायाशी असलेला ब्रेक करकचून दाबून धरला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, हे गाडी शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. माझी अर्धी हयात त्या ब्रेकवर गेली आहे.

"आता घाबरू नका. न्यूट्रल करा, पुन्हा चालू करा," मी म्हटलं.

"चिरमुले," समोर बघत गर्गे म्हणाले, "वैजयंती कशी आहे?"

घ्या! गाडी चढावर, मागे टेम्पो, आणि या गृहस्थांना माझ्या बायकोची खुशाली सुचतेय.

"बरी आहे की. तुमच्या शेजारच्याच खोलीत बसते. भिंतीवर टकटक करा आणि विचारा."

"आम्ही सध्या बोलत नाही," गर्गे म्हणाले, आणि पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकून त्यांनी गाडी पुन्हा बंद पाडली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ती मारुती भंगारात गेली आणि 'चिरमुले मोटर ड्रायव्हिंग स्कूल'चा बोर्डही उतरला. पण ते वाक्य त्यांनी कुठल्या वळणाआधी टाकलं, ते मी आजही बोट ठेवून दाखवीन.

आता गर्गे कोण, ते सांगतो. डॉक्टर उदयन गर्गे म्हणजे माझ्या बायकोचे सहकारी. माझी बायको वैजयंती, म्हणजे आमची वैजू, पुण्यातल्याच एका खगोलशास्त्राच्या संस्थेत संशोधक. मी बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झालेला माणूस, तिने माझ्यात काय पाहिलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. चारचौघांत ती मला 'अहो' म्हणायची, घरात 'नंदू', आणि डोकं फिरलं की नुसतं 'चिरमुले'. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तिला गाडी शिकवायला घेतली होती. कर्वे रोडवर भर गर्दीत ती दार उघडून उतरली, रिक्षा केली आणि घरी गेली. "तू गाडी शिकवत नाहीस, नुसता अडवतोस. सारखा पाय ब्रेकवर!" त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

ती आणि गर्गे मिळून विश्व मोजत होते. हसू नका, खरंच. विश्वात आपल्याला ठाऊक असलेला आणि नसलेला, सगळा मिळून पदार्थ किती, आणि उरलेली ती डार्क एनर्जी का काय म्हणतात ती किती, हे त्यांना काढायचं होतं. डार्क एनर्जी म्हणजे नक्की काय, असं मी वैजूला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही. ती आहे आणि ती सगळ्यांना एकमेकांपासून लांब ढकलते, एवढंच कळलंय."

"आणि जे काय आहे तेच माहीत नाही, ते मोजणार कसं?"

"लग्नाला किती माणसं आली यावरून घराण्याचं वजन कळतं की नाही?" वैजू म्हणाली. "तसंच. आकाशात दीर्घिकांचे, म्हणजे गॅलेक्सींचे, जथे असतात. एकेका जथ्यात शेकडो दीर्घिका. जथ्यात किती जणी आहेत ते मोजायचं, त्यावरून जथ्याचं वजन काढायचं, आणि असे जड जथे किती आहेत त्यावरून विश्वात पदार्थ किती ते कळतं. बाकीची ती डार्क एनर्जी."

"यात अवघड काय?"

"अवघड हे की मांडवात दिसणारे सगळे वऱ्हाडी नसतात. काही रस्त्याने जाणारे असतात, लांबून बघणाऱ्याला आत असल्यासारखे वाटतात. खरा पाहुणा कोण आणि वाटसरू कोण, ते निवडायची रीत मी शोधून काढलीय."

हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता, की आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही तसा सापडायचा नाही.

तर ती रीत वैजूची, आणि त्या रीतीवर गणितं करणारे गर्गे. नऊ वर्षं दोघं एकत्र काम करत होते. संध्याकाळी ती घरी आली की फोन वाजायचा. मी भाजी निवडतोय, कुकर लावतोय, आणि ही बाल्कनीत उभी राहून तासभर 'नाही नाही, तसं नाही उदयन, ऐक तर' करतेय. गर्गे अविवाहित. उंच, शांत, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याच्याशी भांडावं म्हटलं तर भांडायला काही जागाच ठेवायचा नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला तिच्या विश्वातलं काही कळत नव्हतं, आणि याला सगळं कळत होतं, आणि ही त्याच्याशी बोलताना हसायची. आणखी काय कारण लागतं?

त्या वर्षीच्या दिवाळीत गर्गे आमच्याकडे फराळाला आले. मी चकल्यांचा डबा आणायला आत गेलो, परत येऊन बघतो तर दोघं गप्प. एरवी एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू व्हायचं. वैजू ताटलीतला अनारसा बोटांनी चुरत बसली होती आणि गर्गे खिडकीतून आमच्या आकाशकंदिलाकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय? लाडू छान झालेत," वैजू म्हणाली.

लाडू तिनेच केले होते.

त्यानंतर फोन बंद. अगदी एकदम बंद. जानेवारीत दोघं तीन महिन्यांसाठी जर्मनीला जायचे होते, तिथल्या लोकांबरोबर काम करायला. वैजूने तिकीट रद्द केलं. का, तर म्हणे, "कंटाळा आलाय प्रवासाचा." गर्गेही गेले नाहीत. आता तुम्ही म्हणाल, बरंच झालं की, नंदू चिरमुल्याचा जीव भांड्यात पडला असेल. छे! उलट ते बोलत होते तेव्हा मी नुसता जळत होतो, आणि बोलायचे थांबले तेव्हा मला झोप येईना. रोज बोलणारी दोन माणसं अशी तडकाफडकी गप्प होतात ती कधी? त्यांच्यात काहीतरी झाल्यावर. आणि काहीतरी व्हायला आधी काहीतरी असावं लागतं.

त्यात संक्रांतीनंतर गर्गे माझ्या स्कूलमध्ये येऊन उभे. "मला गाडी शिकायची आहे." पुण्यात काय ड्रायव्हिंग स्कूलना तोटा आहे? मी मुद्दाम घेतलं त्यांना. म्हटलं, ये. माझ्या गाडीत बस. बघू तरी तुझ्या मनात काय आहे ते.

तर त्या चढावरच्या वाक्यानंतर आठवड्याभरात वैजूच्या संस्थेतल्या पटवर्धनांच्या मुलाची मुंज होती. संस्थेतले सगळे आले होते. जेवणाच्या पंगतीत आम्ही उशिरा पोचलो. दोन पाट रिकामे होते, आणि त्यातल्या एकाच्या शेजारी गर्गे. वैजूने त्यांना पाहिलं. मी तिचा चेहरा बघत होतो, म्हणून सांगतो, ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. सरळ वळली आणि बटूबरोबर जेवायला बसलेल्या लहान मुलांच्या पंगतीत जाऊन बसली! पंचेचाळीस वर्षांची बाई, सगळी बारकी पोरं, आणि त्यांच्यामध्ये ही नऊवारी सावरत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी गर्ग्यांच्या शेजारी बसून श्रीखंड गिळलं. गोड लागलं नाही.

घरी आल्या आल्या मी बूटही काढले नाहीत.

"तुझ्यात आणि त्या गर्ग्यात काय आहे?"

वैजू गजरा काढत होती. तिचा हात तसाच राहिला.

"आकडा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"एक आकडा आहे. बस. ऐक, तुला नीट सांगते." ती पलंगाच्या कडेला बसली. "आमच्या कामात एक खोड असते, नंदू. बाकीच्यांनी वेगवेगळ्या मार्गांनी डार्क एनर्जी मोजलीय, ती सत्तरच्या आसपास येते. शंभरातली सत्तर. आता आपलं उत्तर साठ आलं तर माणूस काय करतो? चूक शोधतो. ऐंशी आलं तरी शोधतो. आणि सत्तर आलं की शोधायचं थांबतो. म्हणजे उत्तर आपण काढत नाही, आपल्याला हवं असतं तिथे जाऊन बसतो. म्हणून मग उत्तरात मुद्दाम एक खोटा आकडा मिसळून ठेवायचा. गणित करणाऱ्याला फक्त बिघडवलेलं उत्तर दिसतं. सगळ्या चुका शोधून झाल्या, सगळ्यांनी माना हलवल्या, की मग एके दिवशी सर्वांसमोर तो आकडा सांगायचा. खरं उत्तर बाहेर. मग जे निघेल तेच छापायचं, त्याला हात लावायचा नाही."

"मग?"

"तो खोटा आकडा माझ्याकडे आहे. उदयनकडे उत्तर आहे, पण खोटं. माझ्याकडे त्यातला खोटेपणा आहे. आम्ही दोघं एकत्र आलो की खरं काय ते बाहेर पडेल. म्हणून मी त्याच्याशी बोलत नाही, समोर जात नाही. माझं तोंड तुला माहीत आहे. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

'दोघं एकत्र आलो की' एवढंच माझ्या कानात राहिलं. मी म्हटलं, "छान रचलंस. वैजू, मी गाडी शिकवतो, पण दुधखुळा नाही. आकड्यापायी माणूस पंगतीतून उठतं?"

"उठतं."

"मग सांग तो आकडा."

"नाही."

"नवऱ्यालाही नाही?"

"तुला तर मुळीच नाही. तू रोज सकाळी त्याच्या शेजारी बसतोस."

"आणि दिला कुणी तुला तो? नऊ वर्षं जिची मोजणी, तिलाच बाजूला बसवलं?"

तिने गजरा टेबलावर ठेवला. "बर्वे बाईंनी दिला. कुणीतरी घ्यायलाच हवा होता." आणि ती आत चहा टाकायला गेली.

बर्वे बाई म्हणजे त्यांच्या गटाच्या प्रमुख. त्यांना सगळी संस्था घाबरायची. त्यांनी दिला म्हटल्यावर मी गप्प बसलो, पण पटलं म्हणाल तर अजिबात नाही. खरं सांगू? तिने आकडा मला सांगितला असता, तर मी त्याच दिवशी निवांत झालो असतो. विश्वाचं गुपित राहू दे, निदान गर्ग्यापेक्षा मी जास्त जवळचा, एवढं तरी कळलं असतं. तिने सांगितला नाही. तो आकडा तिच्या आणि गर्ग्याच्या मधला, आणि मी बाहेर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून मी गर्ग्यांना सापळा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाषाण रस्त्यावर गाडी बऱ्यापैकी चालली होती. गर्गे दुसऱ्या गिअरवर खूश होते. मी खिडकीबाहेर बघत सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तुमचा तो आकडा मला कळला बरं का. वैजूने सांगितला काल."

गर्ग्यांनी रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारला. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर मारला, क्लचसकट. मग दार उघडून ते खाली उतरले आणि दोन्ही कानांत बोटं घालून उभे राहिले. मागून सायकलवरून जाणारा दूधवाला थांबून बघायला लागला.

"गर्गे! काय तमाशा लावलाय? आत बसा!"

"बोलू नका!" ते ओरडले. हा माणूस ओरडू शकतो हे मला तेव्हाच कळलं. "एक शब्द बोलू नका, चिरमुले. तुम्ही आकडा बोललात तर मला तो ऐकल्याचं सगळ्यांना सांगावं लागेल, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तिची नऊ वर्षं मातीत जातील. तिची, माझी नाही. रीत तिची आहे!"

"नाही सांगितला हो तिने," मी म्हटलं. "गंमत केली. नवऱ्यालाही सांगितलेला नाही. बसा."

त्यांनी बोटं काढली. पण गाडीत बसले नाहीत. रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले. मीही गाडी बाजूला घेतली आणि उतरलो.

"असली गंमत करतात?" ते म्हणाले.

"मग मी काय करू? तुम्ही रोज सकाळी गाडीत बसता आणि माझ्या बायकोची चौकशी करता. गाडी येईना का, तिचं कसं चाललंय हे आधी. तुम्हाला गाडी घ्यायचीय तरी का?"

गर्ग्यांनी पायाजवळचा एक खडा उचलून बाजूला टाकला.

"नाही," ते म्हणाले. "घ्यायची नाही. मला गाडी चालवायला आवडतही नाही. पण दिवाळीपासून तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही, आणि तुमच्या गाडीत बसलं की तिचा विषय निघतो. तिने सकाळी पोहे केले, तिला सर्दी झालीय, असलं काहीतरी. तेवढ्यासाठी येतो."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं एखादा डॉक्टरला दुखतं कुठे ते सांगतो. मी त्यांची गचांडी धरायला हवी होती. माझी मूठ वळली होती खरी. पण दगडावर बसलेल्या माणसाची गचांडी धरायला वाकावं लागतं, आणि तेवढ्यात त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी.

"आणि तिला?" मी विचारलं. "तिला माहीत आहे?"

"दिवाळीला मी बोलून गेलो. नको ते. ती काहीच म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून आकडा तिच्याकडे."

"म्हणजे बर्वे बाईंनी तुमचं बोलणं बंद केलं, आणि नेमकं त्या वेळी."

"योगायोग," गर्गे म्हणाले. "माझं नशीब. आकडा नसता, तर मी तिला निदान विचारलं तरी असतं."

मी गाडीत बसलो आणि त्यांना तिथेच सोडून निघून आलो. दूधवाला अजून उभा होता.

आता मला अर्धं कळलं होतं. गर्ग्याचं कळलं. पण मला गर्ग्याशी काय देणंघेणं? मला वैजूचं हवं होतं. ती काहीच म्हणाली नाही, म्हणजे काय? नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. आकड्याचं कुलूप बसलं म्हणून दोघं गप्प, आणि एकदा का तो आकडा उघडा झाला की हे कुलूपही निघणार. मग गर्गे विचारणार, आणि ही उत्तर देणार. माझा संसार त्या एका दिवसावर येऊन ठेपला होता. मी वैजूला काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, असंच म्हणा ना.

चैत्रात ती म्हणाली, "शुक्रवारी आकडा उघडायचाय. घरचेही येणार आहेत. ये तू."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ये, नंदू."

गेलो. आकड्यासाठी नाही. आकडा उघडल्यावर तिची नजर पहिल्यांदा कुणाकडे जाते, ते मला बघायचं होतं.

दुपारची वेळ. मोठ्या खोलीत पडदा, खुर्च्या, मागच्या टेबलावर पेढ्यांचे बॉक्स, आणि विद्यार्थी भिंतींना टेकून उभे. गर्ग्यांनी पडद्यावर आपलं उत्तर दाखवलं. एकसष्ट. खोलीत कुजबुज झाली.

"हे बिघडवलेलं आहे," बर्वे बाई पहिल्या रांगेतून गरजल्या. "कुजबुज बंद. कुणाला अजून काही तपासायचंय? एकदा उघडलं की मग बदलायचं नाही. नाही? वैजयंती, सांगा."

वैजू माझ्या शेजारून उठली. तिने समोर पडद्याकडे बघितलं. गर्ग्यांकडे नाही.

"आठ मिळवा," ती म्हणाली.

गर्ग्यांनी मिळवले. एकोणसत्तर. शंभरातले एकोणसत्तर भाग डार्क एनर्जी. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पोरं जी नाचायला लागली! मला त्यातलं काय कळतंय, पण माझ्याही अंगावर काटा आला. हिच्या रीतीने विश्व मोजलं गेलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. पण तिचा चेहरा काही उजळला नव्हता. दमलेला होता.

गर्गे गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले. हातात पेढा होता. कितीतरी महिन्यांनी ते तिच्यासमोर उभे राहत होते, आणि माझा पाय आपसूक जमिनीवर दाबला गेला. नसलेला ब्रेक.

"वैजयंती," ते म्हणाले. "आता बोलता येईल."

"अभिनंदन, डॉक्टर गर्गे," वैजू म्हणाली आणि तिने हात जोडले. नऊ वर्षं ती त्यांना उदयन म्हणत होती.

ते काही म्हणणार तेवढ्यात बर्वे बाई मधे घुसल्या. एका हातात पेढा, दुसऱ्या हाताने त्यांनी माझा दंडच धरला.

"चिरमुले, तुमची बायको खुळी आहे. तुम्ही तरी समजवायचं तिला."

"का हो? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? रीत हिची, कष्ट हिचे. मी तो आकडा परगावच्या एका प्राध्यापकाकडे ठेवायचं ठरवलं होतं, सगळं बोलून झालं होतं. तर दिवाळीची सुट्टी संपायच्या आत ही माझ्या घरी हजर. म्हणे, आकडा मला द्या आणि मला मोजणीतून बाहेर काढा. अगं, म्हटलं, वेडी का काय? आकडा घेतलास की तुला उत्तराजवळ फिरकता येणार नाही, लेखात नाव मागे जाईल, परदेशची वारी जाईल. चालेल म्हणाली. का, ते काही सांगेना. मी कितीदा विचारलं. म्हणाली, बाई, मला एक कारण पाहिजे, आणि ते पक्कं पाहिजे." बाईंनी पेढा तोंडात टाकला. "कशाला पाहिजे होतं कारण, देव जाणे. विचारा बुवा तुम्हीच."

आणि बाई विद्यार्थ्यांवर ओरडायला निघून गेल्या.

गर्ग्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. योगायोग नव्हता तर. दोघांनाही एकाच वेळी कळलं, आणि दोघांनाही ते एकमेकांच्या तोंडावर दिसलं. ते वैजूला काहीही न विचारता "येतो" म्हणाले, पेढा माझ्या हातात दिला आणि गेले. पुन्हा गाडी शिकायलाही आले नाहीत.

आम्ही बाहेर पार्किंगकडे निघालो. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तिने आपलं नऊ वर्षांचं काम आमच्या घराच्या दारात आडवं घातलं होतं. त्यासाठी मी तिच्या पाया पडायला हवं होतं. आणि तरी, काय सांगू, पोटात तेच दुखत होतं, आधीपेक्षा जास्तच. म्हणजे होतं. तिच्याही मनात होतं काहीतरी. नसतं, तर एवढं पक्कं कारण कशाला लागलं असतं? नुसतं 'नाही' म्हणून भागलं असतं.

मी स्कूलच्याच मारुतीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, तर वैजूने हात पुढे केला.

"चावी दे."

"कशाला?"

"गेटपर्यंत मी चालवते. आतलाच रस्ता आहे, कुणी विचारत नाही. दे, नंदू."

मी दिली. वळसा घालून माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो. तिने सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, गाडी चालू केली. वीस वर्षांपूर्वी शिकवलेलं सगळं बरोबर आठवत होतं तिला. मग क्लच दाबून, गिअर टाकून ती तशीच थांबली. समोर गुलमोहरांची रांग आणि सरळ रस्ता.

"विचार," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारायचंय ते. बाईंचं ऐकून तुझं तोंड कसं झालंय ते दिसतंय मला. आज सगळंच उघडतोय आपण. जे आहे ते खरं सांगीन. एकदाच विचार."

प्रश्न माझ्या ओठांवर होता. चार शब्दांचा. कितीतरी महिने तो घेऊन मी झोपत होतो, उठत होतो. ती वाट बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, आणि तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र श्वासाबरोबर वरखाली होत होतं. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, ते ती खोटं बोलली नव्हती. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

मी चपला काढल्या. पाय ब्रेकवरून उचलले, वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसलो.

"हे काय?" वैजू म्हणाली.

"क्लच हळू सोड," मी म्हटलं.